बूट किती वर्षे टिकतो?

कोणतीही वस्तू विकत घेताना आपण मराठी माणसे एक प्रश्न हमखास विचारतो: "टिकेल ना?" मग तो प्रेशर कुकर असो, छत्री असो, की मुलांच्या शाळेचे दप्तर. इंग्लंडात पंचवीस-तीस वर्षे काढली तरी ही सवय जात नाही, आणि जाऊही नये. आताशा आपल्या मंडळाच्या डोंगरसहलींना बरीच कुटुंबे येऊ लागली आहेत. त्यांतले काही जण लेक डिस्ट्रिक्टमधल्या रुळलेल्या पायवाटा सोडून हेल्वेलिनची स्ट्रायडिंग एज किंवा वेल्समधला ट्रायफॅन अशा ठिकाणी जातात, जिथे हातांचा आधार घेतल्याशिवाय वर जाताच येत नाही. येथे त्याला स्क्रॅम्बलिंग म्हणतात. आपल्याकडे हरिहरच्या किंवा कलावंतिणीच्या पायऱ्या चढलेल्यांना हा प्रकार निराळा समजावून सांगायला नको.

या मंडळींना दुकानात 'ॲप्रोच शू' नावाचे प्रकरण भेटते. दिसायला धावण्याच्या बुटासारखे, तळ मात्र चिकट रबराचा. कातळावर तो असा काही बसतो की माणूस खूश होतो, आणि मोसम-दोन मोसमांत चवड्याखालचा तळ गुळगुळीत झाला की तितकाच नाराज होतो. "माझे जुने चामड्याचे बूट पंधरा वर्षे टिकले होते हो!" ही तक्रार सहलीच्या बसमध्ये मी इतक्यांदा ऐकली आहे की तिचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले. तक्रार खोटी नाही. पण पूर्वीचा बूट का टिकत होता आणि आजचा का झिजतो, यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात काही माणसांचे प्राण गेलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकात युरोपात हौसेखातर डोंगर चढणे सुरू झाले, तेव्हा त्यासाठी खास बूट असे नव्हतेच. शेतकरी, मेंढपाळ, शिपाई जे जाड चामड्याचे बूट घालत, तेच हौशी मंडळीही घालत. चामड्याचा नुसता तळ ओल्या दगडावर आणि गवतावर साफ घसरतो, म्हणून त्यात लोखंडी खिळे ठोकलेले असत. पुढे या खिळ्यांचे एक शास्त्रच झाले. तळाच्या कडेवरून वळवून बसवलेल्या मऊ घडीव लोखंडाच्या जाड खिळ्यांना 'क्लिंकर' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिनिव्हाच्या फेलिक्स जेनकाँ या गिर्यारोहकाने कठीण पोलादाच्या दातेरी पट्ट्या काढल्या. त्याचे टोपणनाव 'त्रिकुनी', म्हणून त्या पट्ट्याही त्याच नावाने प्रसिद्ध झाल्या. क्लिंकरचे लोखंड मऊ, त्यामुळे ते दगडात रुतून बसे, पण लवकर झिजे. त्रिकुनीचे पोलाद बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावरही उभे राहू देई आणि दीर्घकाळ टिके, पण सपाट गुळगुळीत कातळावर करकरत घसरे. मऊ असेल ते धरते, कडक असेल ते टिकते. वाचकहो, हे एवढे ध्यानात ठेवा. लोखंडाच्या जागी रबर आले तरी हे भांडण मिटलेले नाही.

खिळ्यांच्या बुटाचा मोठा गुण म्हणजे तो दुरुस्त होत असे. खिळा झिजला की नवा ठोकायचा, तळ कुजला की नवा शिवायचा, वरच्या चामड्याला चरबी चोळायची. असा बूट माणसाच्या निम्म्या आयुष्याला पुरे. झिजायचा तो कातळ! लेक डिस्ट्रिक्टच्या जुन्या चढाईमार्गांवर खिळ्यांचे ओरखडे आजही दिसतात, आणि एके काळी नवख्याला वाट शोधायला त्या ओरखड्यांचाच आधार असे.

टिकाऊपणाचा याहून मोठा दाखला हवा असेल तर एव्हरेस्टकडे पाहावे लागेल. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन ८ जून १९२४ रोजी माथ्याच्या दिशेने जाताना शेवटचे दिसले. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला, तेव्हा एका पायात खिळ्यांचा बूट तसाच होता. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी, एव्हरेस्टच्या उत्तरेकडील रोंगबुक हिमनदीवर अर्व्हिनचा बूट मिळाला. आत पायमोजा, आणि त्यावर त्याच्या नावाची शिवलेली पट्टी. बर्फाच्या दळणातून चामडे आणि खिळे शाबूत निघाले. ज्याने ते घातले होते तो बावीस वर्षांचा होता. खिळा थंडी थेट तळपायापर्यंत पोचवतो, आणि बूट जड असल्याने प्रत्येक पाऊल महाग पडते. त्या दोघांचा अंत नेमका कशाने झाला हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे दोष बुटावर टाकण्याचा माझा हेतू नाही. बुटाचे टिकणे आणि माणसाचे टिकणे हे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात, इतकेच.

आता रबराकडे वळू. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून हा दोष घालवला आणि १८४४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंग्लंडात टॉमस हँकॉकनेही त्याच सुमारास तीच कृती आपल्या नावे नोंदवली. गुडइयर १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली आणि तिचा त्याच्या कुटुंबाशी संबंध नव्हता. गंमत म्हणजे त्याच्या मुलाचे, धाकट्या चार्ल्स गुडइयरचे, नाव बुटांच्या धंद्यात वेगळ्याच कारणाने अमर झाले: बुटाचा वरचा भाग एका चामडी पट्टीच्या साहाय्याने तळाला शिवणारे यंत्र १८७० च्या दशकात त्याच्या नावाने प्रसिद्ध झाले. 'गुडइयर वेल्ट' म्हणतात ती हीच शिवण. बापाचे रबर आणि मुलाची शिवण या दोघांची गाठ पुढे डोंगरी बुटात पडणार होती.

रबराचा पहिला बूट मात्र अगदी स्वस्त आणि साधा होता. कॅनव्हासचा वरचा भाग, खाली रबर, आणि दोहोंच्या जोडावर रबराची पट्टी. जहाजावर किती माल भरावा हे दाखवणारी प्लिमसोल रेषा १८७६ च्या कायद्याने सक्तीची झाली. ही पट्टी तशीच दिसते, आणि पाणी तिच्यावर गेले की पाय भिजतो, म्हणून त्या बुटाला प्लिमसोल हे नाव पडले. इथल्या शाळांत आपल्या मुलांनी पी.टी.ला घातलेले काळे पंप ते हेच. कोरड्या कातळावर हे रबर खिळ्यांपेक्षा फार चांगले धरते, हे ब्रिटिश गिर्यारोहकांना पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात पुरते कळले. मँचेस्टरचा प्लंबर जो ब्राउन, जो पुढे १९५५ मध्ये कांचनगंगेवर पहिल्यांदा चढला, त्याने वेल्समधले ओले अवघड कडे अशा स्वस्त प्लिमसोलनी सर केले. पण ते बूट पायवाटेच्या खडीवर फाटत आणि बर्फात निरुपयोगी ठरत. म्हणून रीत अशी पडली की पायथ्यापर्यंत खिळ्यांचे बूट घालायचे, तिथे ते काढून ठेवायचे आणि कड्यावर हलके बूट चढवायचे.

या रीतीनेच १९३५ मध्ये घात केला. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर पुंता रासिका नावाचे शिखर आहे. मिलानच्या गिर्यारोहकांची एक तुकडी त्यावर गेली होती. जड बूट खाली ठेवून हलक्या, मऊ तळाच्या बुटांनी ते वर चढले. वर असताना हवा बिघडली, हिमवादळ आले. बर्फ बसलेल्या कातळावरून त्या बुटांनी उतरणे अशक्य होते, आणि पाय गोठू लागले. सहा जण दगावले. खाली ठेवलेले खिळ्यांचे बूट अगदी मजबूत होते, पण त्या क्षणी ते पायांत नव्हते.

मृतांत विताले ब्रामानीचे मित्र होते. ब्रामानी स्वतः गिर्यारोहक होता. घालून चालता येईल, कातळावर चढता येईल आणि बर्फातही निभावेल, असा एकच तळ हवा, हा ध्यास त्याने घेतला. पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने १९३७ मध्ये त्याने जाड, खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा दिसतो म्हणून त्याला 'कारारमातो' म्हणजे रणगाडाच म्हणू लागले, आणि विताले ब्रामानी या नावातून 'विब्रम' हा शब्द झाला. आज बुटाच्या तळाशी जे पिवळे अष्टकोनी चिन्ह दिसते, त्याचा उगम हा असा सहा मृत्यूंत आहे. १९५४ मध्ये के-टू वर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हाच तळ होता. ब्रिटनमध्ये तसल्या तळाला युद्धकाळापासून 'कमांडो सोल' म्हणतात.

टायर कंपनीने बुटाचा तळ करावा हे आपल्याला नवल वाटू नये. टायर न झिजता हजारो मैल जावा यासाठी रबराच्या कारखान्यांनी अपार डोके चालवले होते. रबरात काजळी मिसळली की ते कितीतरी पट टिकाऊ होते, हा शोध पूर्व लंडनमधल्या सिल्व्हरटाउन येथे १९०४ मध्ये लागला. त्यातूनच पुढे टायर काळे झाले. आपल्या मावळ-कोकणातले शेतकरी आणि धनगर जुन्या टायरच्या चपला घालून सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवत आले. त्या चपलेचा तळ आणि ब्रामानीचा तळ नात्याने लांबचे भाऊ लागतात. टायरची चपल अनेक वर्षे झिजत नाही. ओल्या शेवाळी कातळावर मात्र तीच माणसे चपला काढून हातात घेतात आणि अनवाणी उतरतात, हेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कोणती वस्तू टिकते आणि कोणती धरते, याचे ज्ञान त्यांना पुस्तकाविना होते.

ब्रामानीचा तळ आल्यावर खिळे हळूहळू गेले, पण तंट्याशिवाय नव्हे. ओली पाटी, शेवाळ, चिखल आणि तिरके गवत यांवर खिळा रुततो आणि रबर सटकते, हे जुन्या मंडळींचे म्हणणे खरेच होते. ब्लेनकॅथ्राच्या शार्प एजवर पावसात गेलेल्यांना ते पटेल. तिथला पाटीचा दगड भिजला की साबणासारखा होतो. याउलट स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे क्युलिन डोंगर. तिथला गॅब्रो इतका खरखरीत की ओलाही पाय धरतो, आणि बोटांच्या कातड्यासकट बुटाचा तळ किसून काढतो. पण त्याच डोंगरात मधूनमधून बसाल्टच्या भिंती घुसल्या आहेत, आणि त्या भिजल्या की दगा देतात. हा बसाल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचाच कातळ. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, स्कायचा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. जुलैत राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला गेलेल्या माणसाने क्युलिनमध्ये काळा गुळगुळीत दगड पाहिला की त्याचे पाय आपोआप जपून पडतात.

एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेने टिकाऊपणाचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. उंचावरचे बूट केटरिंगच्या 'सॅट्रा' या पादत्राण संशोधन संस्थेने आखून दिले. तळ सूक्ष्म हवेच्या छिद्रांच्या हलक्या रबराचा, आत उबेसाठी कापोकचा जाड थर. हे बूट वर्षानुवर्षे वापरायचे नव्हतेच. खालच्या चढासाठी वेगळे बूट होते. ते हलके हवेत आणि पाय गोठू नयेत, बस्स. (तरीही २९ मेच्या पहाटे हिलरीचे बूट गोठून लाकूड झाले होते आणि त्याने ते स्टोव्हवर दोन तास शेकले. तेनसिंगने आपले बूट रात्री पायांतून काढलेच नव्हते.) बूट एका कामापुरता टिकावा, हा विचार डोंगरात तेव्हापासून रुजला असे मला वाटते.

पुढच्या तीस वर्षांत पुन्हा दोन जोड आले. चालायला विब्रम तळाचे जाड बूट, आणि अवघड कड्यांसाठी पिएर आलाँ या फ्रेंच गिर्यारोहकाने काढलेल्या धर्तीचे घट्ट, सपाट रबराचे बूट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या बोरेआल कंपनीने पूर्वीपेक्षा फारच चिकट रबराचा बूट आणला आणि सारे चित्र पालटले. कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या प्रचंड ग्रॅनाइट कड्यांपाशी पोचायलाच शिळांच्या राशी आणि तिरपे कातळ ओलांडावे लागतात, आणि कडा चढून झाल्यावर मागच्या बाजूने तसेच उतरावे लागते. तिथल्या चार्ल्स कोल या गिर्यारोहकाने १९८५ मध्ये 'फाइव्ह टेन' ही कंपनी काढली आणि हे चिकट रबर साध्या कॅनव्हास-बुटाच्या घडणीत बसवले. पायथ्यापर्यंतच्या वाटचालीचा, म्हणजे 'ॲप्रोच'चा, म्हणून तो ॲप्रोच शू. चढताना तो कमरेच्या पट्ट्याला लटकवता यावा म्हणून हलका ठेवलेला. ब्रामानीने जे एका तळात बांधले होते, ते मधल्या काळात पुन्हा विलग झाले होते. ते पन्नास वर्षांनी अशा रीतीने परत एकत्र आले.

हे रबर झिजते कसे, ते थोडक्यात सांगतो. मऊ रबर दगडाच्या बारीक उंचवट्यांवर दबून त्यांच्या आकाराचे होते आणि सावकाश मूळ आकाराला येते. या सावकाशीतच त्याची पकड आहे. पण अशा रबरातले कण घट्ट बांधलेले नसतात, आणि प्रत्येक पावलाला त्यांतले थोडे दगडावर राहतात. शिवाय दगडाला जास्तीत जास्त रबर लागावे म्हणून ॲप्रोच शूच्या तळाला खोल खाचा नसतात, उथळ गोल ठिपके असतात. त्यांची झीज लगेच दिसते. डांबरी रस्ता आणि खडीची वाट यांवर तो सर्वांत लवकर संपतो. म्हणजे कार पार्कपासूनचे दोन मैल आणि घरापासून दुकानापर्यंतचा फेरा हेच त्याचे खरे शत्रू. ओल्या गवतावर तर ते ठिपके चिखलाने भरून तळ पाटासारखा होतो. ज्यांना मुख्यतः गवताळ टेकड्यांवर चालायचे आहे त्यांनी हा बूट घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेता काहीही सांगो.

झिजणे निदान दिसते. न दिसणारा मृत्यू वेगळा आहे, आणि आपल्या जपून वापरण्याच्या सवयीला तोच नेमका गाठतो. चालण्याच्या अनेक बुटांत बाहेरचा तळ आणि पाय यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने या पदार्थाचे रासायनिक दुवे तुटत जातात. बूट वापरा किंवा पेटीत ठेवा, साधारण आठ-दहा वर्षांत तो थर ठिसूळ होतो. उलट न वापरता दमट जागी ठेवलेला बूट अधिक लवकर जातो. आमच्या एका सहलीत हेल्वेलिनवरून उतरताना एका गृहस्थांच्या दोन्ही बुटांचे तळ अर्ध्या तासाच्या अंतराने गळून पडले. बूट बारा वर्षांपूर्वीचे, जेमतेम चार वेळा घातलेले, वर पॉलिश लखलखीत! फराळाच्या पिशवीच्या नाड्या सोडून तळ बांधले आणि ते कसेबसे ग्लेनरिडिंगला पोचले. वाट सोपी होती म्हणून हसण्यावारी गेले. तेच दोन तास आधी धारेवर घडले असते तर बचाव पथकाला बोलवावे लागले असते.

हलक्या ॲप्रोच शूंत बहुधा दुसराच पदार्थ असतो, ईव्हीए नावाचा फेस. तो असा कुजत नाही, पण त्यातले हवेचे बारीक कप्पे दबून बसतात आणि गुडघ्यांना धक्के जाणवू लागतात. धावण्याच्या बुटांसाठी ५०० ते ८०० किलोमीटर हा ढोबळ हिशेब सांगतात, तो याच फेसापायी.

आणि मग दुरुस्ती. धाकट्या गुडइयरच्या शिवणीचा बूट उसवून नवा तळ लावता येतो. आपली कोल्हापुरी चपलही चामड्याच्या वादीने शिवलेली, त्यामुळे कोपऱ्यावरचा मोची ती पुन्हा पुन्हा उभी करी. आजचे बहुतेक बूट शिवलेले नसून डिंकाने चिकटवलेले असतात. हलके आणि स्वस्त पडतात, पण डिंक सुटला की बूट कचऱ्यात. जुना बूट पंधरा वर्षे टिकला असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन नवे तळ आणि चार वेळची शिलाई धरलेली असते, हे आपण विसरतो. मला झिजण्याचे दुःख नाही, दुरुस्त न होण्याचे आहे.

सुदैवाने ॲप्रोच शूंतले काही पुन्हा तळ लावण्याजोगे असतात, आणि ब्रिटनमध्ये कड्यांच्या बुटांना नवे रबर लावणारे कारागीर आहेत. मात्र बूट वेळेवर द्यायला हवा. चवड्याभोवती रबराची जी पट्टी वर वळलेली असते, ती अंगठ्यापाशी झिजून कापड दिसू लागले की काम दुप्पट होते, कधी कारागीर नाहीही म्हणतो. तळ कागदासारखा पातळ लागू लागला, पण पट्टी अजून शाबूत आहे, ती वेळ नेमकी. ओले बूट रेडिएटरवर वाळवू नयेत. चामडे तडकते आणि डिंक सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे आत घालून ते जिन्याखाली ठेवावेत. आणि पुढच्या सहलीची तारीख ठरली की आठवडाभर आधी माळ्यावरचे बूट काढून मधला थर अंगठ्याने दाबून पाहावा, बूट हाताने वाकवून पाहावा, आणि घरातच जिन्यावरून दहा वेळा वर-खाली करावे. भुगा पडायचा तर तो गालिच्यावर पडू दे.